दोन बोटांची जागा

पूर्वेकडे तांबडे फुटले, वाघझरीगडाच्या महादरवाजाचा अडसर निघाला आणि नगारखान्यातून पहाटेची नौबत झडली, तेव्हा खालच्या केळशेत गावच्या बाया डोक्यावर पाण्याच्या घागरी घेऊन निम्मा गड चढून आल्या होत्या. गडावर पाणी नव्हते असे नाही. कातळात खोदलेली सात टाकी बारमाही भरलेली असत, आणि गडावरची शिबंदी, घोडी, देवळे सारी त्यांच्यावर सुखाने नांदत. परंतु दिवाणसाहेबांच्या वाड्याला पायथ्याच्या झऱ्याचेच पाणी गोड लागे. ज्यांनी पाणी आणायचे त्यांना ते किती गोड लागत होते, हे विचारण्याची पद्धत त्या राज्यात नव्हती. धाकाने, फुकट करून घ्यायच्या ह्या कामाला वेठ म्हणत, आणि वेठ ही ऊन-पावसासारखी वरूनच येते अशी रयतेची समजूत होऊन गेली होती.

दफ्तरखान्याच्या सज्जात उभे राहून रंगो महादेव चिटणीस ती रांग पाहत होते. रांगेत सातवी बाई उंच होती, तिचा पदर कपाळावर घट्ट ओढलेला होता, आणि ती आली की रंगोपंतांची नजर आपोआप दुसरीकडे वळे. अकरा वर्षे ती अशी वळत आली होती. तिचे नाव सगुणाबाई हांडे. तिचा नवरा सिदोजी हांडे समोरच्या तांबडगडाचा किल्लेदार होता, आणि फितूर ठरवून त्याचा कडेलोट झाला होता. फितुराच्या घरावर कायमची वेठ लागली. एकेकाळी पालखीतून गड चढलेली बाई आता घागर घेऊन चढत होती.

पण आजचा दिवस वेगळा होता. तीन महिन्यांपूर्वी जुने राजे वारले, आजोळी वाढलेले त्यांचे पुतणे हैबतराव वयाच्या सव्विसाव्या वर्षी गादीवर बसले, आणि बसल्या दिवशीच त्यांनी वेठ उठवण्याचा मनोदय भर सदरेवर बोलून दाखवला. त्यांच्याबरोबर आजोळाहून आलेले तरणे सोबती कमरेला नव्या कट्यारी खोचून कारभाराच्या वस्त्रांची वाट पाहू लागले. नवा राजा, नवा विचार, तेव्हा माणसेही नवी येणार, असे सारा गड धरून चालला होता. आणि हैबतरावांनी याद्या काढल्या त्या सगळ्या जुन्या मुरलेल्या माणसांच्या! दिवाणगिरीवर जिवाजीपंत कायम, चिटणिशीवर रंगोपंत कायम, फौजेवर म्हातारे सरनोबत दौलोजी कायम. सोबती हिरमुसले. जुन्यांनी सुटकेचा श्वास टाकला. एकट्या रंगोपंतांना मात्र ती निवड नकोशी झाली.

चार दिवसांपूर्वी राजांनी त्यांना एकांती बोलावले होते.

"पंत, आमचे सोबती आमच्यावर रुसले आहेत," हैबतराव हसत म्हणाले. "त्यांच्या मनात सगळे काही करायचे आहे. पण कोणत्या गावाला कोणती वाट जाते तेही त्यांना ठाऊक नाही. वेठ उठवायची तर ती कुठे कुठे दडलेली आहे हे ज्याला माहीत आहे, असाच माणूस हवा. तो तुम्हा लोकांतच मिळणार."

"महाराजांचा विश्वास हे आमचे भाग्य."

"विश्वासाचेच विचारतो आहे. आम्ही इथे वाढलो नाही. जिवाजीपंतांना दिवाणगिरीवर ठेवतो आहोत ते तुमच्या शब्दावर. काकासाहेबांच्या वेळचे आमच्या कानावर यायला हवे, असे काही आहे का?"

खिडकीतून समोर तांबडगडाचा कडा दिसत होता. राजांच्या डोळ्यांत लेशभरही संशय नव्हता, आणि तेच वाईट होते. संशय असता तर रंगोपंतांना बोलणे सोपे गेले असते.

"नाही, महाराज," ते म्हणाले.

तेव्हापासून अन्न गोड लागेना. संध्येला बसावे तर मंत्र अर्ध्यावर विसरे. आपण काही केले नाही, केवळ बोललो नाही, असे ते स्वतःला शंभरदा समजावत. आणि शंभरदा मन उत्तर देई की तेव्हाही तू हेच म्हणाला होतास.

दिवस कासराभर वर आला तसे दिवाण जिवाजीपंत दफ्तरखान्यात आले. गोरे, स्थूल, हसतमुख. बोलणे इतके मऊ की दरडावले तरी माणसाला कौतुक केल्यासारखे वाटावे. मेण्याबाहेर पाय टाकताना त्यांना आधाराला खांदा लागे, आणि तो खांदाही वेठीचाच असे.

"रंगोपंत, हुकूमनामा तयार झाला ना? शिक्का झाला?"

"शिक्का झाला. मोर्तब तेवढे राहिले आहे."

त्या राज्याची रीत अशी होती की राजांनी मजकूर ऐकून मंजूर केला की कागदाच्या माथ्यावर शिक्का उठे, आणि मजकूर जिथे संपे तिथे चिटणीस मोर्तब करी. मोर्तब म्हणजे शेवटची मुद्रा. तिच्या वरचे प्रत्येक अक्षर राजाचे, खालचे अक्षर कोणी जुमानायचे नाही. म्हणून मोर्तब शेवटच्या ओळीला खेटून करायचे, मध्ये मुंगीलाही जागा ठेवायची नाही, हा चिटणिशीतला पहिला धडा. रंगोपंतांना तो त्यांच्या वडिलांनी हातावर छडी मारून शिकवला होता.

जिवाजीपंतांनी कागदावर दोन बोटे आडवी टेकवली. "एवढी जागा सोडून मोर्तब करा."

रंगोपंतांनी हातातली मुद्रा खाली ठेवली.

"राजे लहान आहेत," दिवाण समजुतीने म्हणाले. "वेठ उठवा म्हणतात. उठवू की! रयतेची उठवू, पण गडाची आणि आपणा सरकारकुनांची कशी उठेल? एक ओळ घालावी लागेल. सदरेवर वाचायला मीच उभा राहणार आहे. तेवढी ओळ राजांच्या कानी कशाला घाला? गावोगाव नकला गेल्या म्हणजे झाले. राजांचे नाव होईल आणि आपले कामही अडणार नाही."

"दिवाणसाहेब, एकदा झाले ते..."

"एकदा झाले म्हणूनच तर तुम्ही आज चिटणीस आहात," जिवाजीपंत हसले. "नाहीतर अजून कारकुनांच्या रांगेत बसून बोरू तासत बसला असता. आणि तुम्हाला सांगायला हवे का? ओळ माझी असेल, पण मोर्तब तुमच्या हातचे आहे. तेव्हाचेही, आताचेही."

अकरा वर्षांपूर्वी असेच झाले होते. जिवाजीपंतांचा वाडा उठत होता आणि त्यांनी तांबडगडाखालच्या गावांतून वेठीला माणसे मागितली. किल्लेदार सिदोजीने ती दिली नाहीत. पेरणीच्या दिवसांत माणूस शेतातून उचलणार नाही, दिवाणाला घर हवे असेल तर त्याने दगड स्वतः वाहावे, असा निरोप त्याने धाडला. पुढे सिदोजी शत्रूला सामील आहे अशी कुजबुज गडावर सुरू झाली, आणि त्याने सदरेवर हजर होऊन जाब द्यावा असे पत्र तांबडगडाच्या हवालदाराच्या नावे निघाले. थोरल्या राजांनी ऐकून शिक्का केलेल्या मजकुरात तेवढेच होते. त्या वेळी चिटणीस आजारी असल्याने, शिक्क्यानंतर काही दिवस राहून गेलेले मोर्तब रंगोपंतांकडे आले, दिवाणांनी दोन बोटे जागा सोडायला सांगितली, आणि रंगोपंतांनी ती सोडली. का म्हणून विचारले नाही. विचारले नाही कारण उत्तर ठाऊक होते. त्या जागेत ओळ आली: येण्यास दिरंगाई करील तर तेथेच कडेलोट करावा. सिदोजीची आई अंथरुणाला खिळली होती. त्याने दोन दिवसांची मुदत मागितली. हवालदाराने पत्र पुन्हा एकदा वाचले आणि मुदत दिली नाही. महिन्याच्या आत रंगोपंतांना चिटणिशीची वस्त्रे मिळाली.

पुढे ते पत्र हुकूम बजावल्याचा, तामिलीचा शेरा घेऊन दफ्तरात परत आले. जाळून टाका, असे दिवाण म्हणाले. रंगोपंतांना ते जाळण्याचे धाडस झाले नाही आणि कोणाला दाखवण्याचेही झाले नाही. एका जुन्या रुमालात बांधून त्यांनी ते सर्वांत वरच्या फळीवर ठेवून दिले, आणि स्वतःला प्रामाणिक समजायला एवढा आधार त्यांना अकरा वर्षे पुरला.

आता दिवाण समोर उभे होते. रंगोपंतांनी मुद्रा उचलली, शाईत बुडवली आणि कागदावर दाबली. दोन बोटे जागा सोडून. जिवाजीपंतांनी कागद उचलला, रंगोपंतांच्या पाठीवर थोपटले आणि ते निघून गेले.

सदरेची वेळ झाली तसा रंगोपंतांनी जरीचा अंगरखा चढवला आणि ते टाक्याच्या वाटेने निघाले. वळणावर वेठकरी बाया रिकाम्या घागरी घेऊन परतत होत्या. सरकारकून दिसताच त्या रिवाजाप्रमाणे वाट सोडून काट्यांत उतरल्या. सगुणाबाईही उतरली. पण आज ती खाली मान घालून उभी राहिली नाही.

"पंत, एक इचारू का?"

अकरा वर्षांत ती पहिल्यांदाच बोलत होती. रंगोपंत थांबले.

"वेठ उठणार म्हणत्यात. खरं हाय का? गावात कुणाचा इश्वास बसंना."

"होय," रंगोपंत कसेबसे म्हणाले. "आजच हुकूम निघतो आहे."

"कुणी लिवला?"

"मी."

तिचा चेहरा उजळला. हसणे म्हणावे असे ते नव्हते. त्या चेहऱ्याची हसण्याची सवयच मोडली होती. "तुमी लिवलाय म्हंजी खरा आसंल," ती म्हणाली. "तुमच्या हातच्या कागदाचं लई वजन आसतं. आमच्या घराला म्हाईत हाय ते."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता; तिच्या लेखी तो हुकूम राजाचा होता, पंत नुसते लिहिणारे. टोमणा असता तर तो सोसून रंगोपंत पुढे गेले असते. बाई खरेच मनापासून बोलली, घागर सावरून काट्यांतून वर आली आणि उतरणीला लागली. रंगोपंत त्या भर उन्हात वाटेवरच उभे राहिले. आपण नीच आहोत, हे त्यांना त्या क्षणी इतके स्पष्ट कळले की त्यावर मनाला बोलायला काही उरलेच नाही.

सदर खच्चून भरली होती. हैबतराव गादीवर बसले होते. उजवीकडे जुने, डावीकडे रुसलेले नवे. वस्त्रे घेण्याआधी प्रत्येकाने उपाध्यांच्या ताटातल्या बेल-भंडारावर हात ठेवून इमानाची शपथ वाहायची होती. पहिला मान दिवाणांचा. जिवाजीपंतांनी हात ठेवला, शपथ वाहिली, डोळ्यांच्या कडा पुसल्या आणि वस्त्रे घेतली. मग ताट रंगोपंतांपुढे आले.

त्यांनी हात पुढे केला नाही.

"चिटणीस?" राजे म्हणाले. "प्रकृती बरी नाही काय?"

"प्रकृती बरी आहे, महाराज. ह्या भंडाराला हात लावायची माझी लायकी नाही." त्यांनी दिवाणांकडे बोट केले. "वेठीचा हुकूमनामा दिवाणसाहेबांजवळ आहे. तो महाराजांनी स्वतःच्या डोळ्यांनी शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा, एवढी विनंती आहे."

जिवाजीपंतांचा हसरा चेहरा जरासा आखडला. पण राजांचा हात पुढे आला होता. कागद द्यावाच लागला. हैबतरावांनी वाचले, आणि शेवटी येऊन ते मोठ्याने वाचू लागले: "मात्र गडकामास व सरकारकुनांचे वाड्यांस माणसे पूर्ववत देत जावी." त्यांनी कागदावरून नजर उचलली. "ही ओळ आम्ही ऐकली नव्हती."

"ओळ माझ्या हातची आहे, महाराज, ते मी नाकारत नाही," जिवाजीपंत तत्काळ म्हणाले. पाण्यात पडला तरी कोरडा निघेल असा तो माणूस. "महाराजांची तशी तोंडी आज्ञा झाली म्हणून चिटणिसांनी सांगितले. त्यासाठी जागाही त्यांनीच सोडली. मोर्तब कुणाचे आहे ते पाहावे. मी पडलो भोळा माणूस."

"जागा मी सोडली," रंगोपंत म्हणाले. "आजही, आणि अकरा वर्षांपूर्वीही."

त्यांनी अंगरख्याच्या आतून जुना रुमाल काढला. टाक्याच्या वाटेवरून ते मागे फिरले होते ते त्याच्यासाठीच. सिदोजीच्या नावाचे पत्र राजांपुढे ठेवून त्यांनी सारे सांगितले. एकही शब्द मऊ केला नाही, स्वतःच्या वाटणीचा तर नाहीच. दोन्ही कागद शेजारी शेजारी आले. दोन्हींच्या शेवटची ओळ त्याच डौलदार, मागे रेललेल्या अक्षरांत होती.

"ती ओळ काकासाहेबांची आज्ञा होती!" जिवाजीपंत म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला.

तोवर गप्प बसलेले म्हातारे सरनोबत दौलोजी उठून उभे राहिले. त्यांनी पत्रावर मोर्तबाजवळ घातलेली मिती वाचली, पुन्हा वाचली. "हे खोटं आहे, महाराज. ह्या मितीला थोरले राजे विषमज्वरानं पडले होते. नऊ दिवस शुद्ध नव्हती. उशाशी मी बसलो होतो. आज्ञा द्यायला त्यांच्या तोंडून पाणी उतरत नव्हतं." मग त्यांची नजर रंगोपंतांवर गेली आणि ती तिथेच थांबली. "सिदोजी माझ्या हाताखाली तयार झालेला गडी. मी त्याच्या नावानं थुंकलो, पंत. अकरा वर्षं थुंकलो."

जिवाजीपंतांच्या अंगावरची वस्त्रे तिथल्या तिथे उतरवण्यात आली आणि त्यांना चौकीत नेण्यात आले. जाताना आधाराला खांदा द्यायला कोणी पुढे आले नाही.

हैबतरावांनी दोन्ही कागद बाजूला ठेवले. ते बोलले तेव्हा आवाजात राग कमी आणि दुखणे जास्त होते. "चार दिवसांपूर्वी आम्ही तुम्हाला विचारले होते."

"होय, महाराज."

"आमच्या सोबत्यांना नाराज करून आम्ही तुम्हाला निवडले. तुम्हाला सगळे ठाऊक आहे म्हणून निवडले. ते खरेच होते म्हणायचे! तुम्हाला सगळे ठाऊक होते."

रंगोपंतांनी गुडघे टेकले. "मला सिदोजीच्याच कड्यावरून लोटावे, एवढेच मागणे आहे."

"कडेलोट आजपासून ह्या राज्यात बंद आहे," हैबतराव म्हणाले. "ते कलम ह्याच हुकूमनाम्यात आहे आणि ते तुम्हीच आपल्या हाताने लिहिले आहे. तेव्हा इतक्या स्वस्तात सुटका मागू नका, पंत. चिटणिशी गेली, वतन गेले. बाकीची शिक्षा आम्ही ठरवणार नाही. त्या बाईंना बोलवा."

सगुणाबाई आली तेव्हा पाय धुळीने भरलेले होते. सदरेवर कधी काळी तिला बसायला लोड मिळत असे; आज ती उंबऱ्याबाहेर उभी राहिली. राजे गादीवरून उतरले आणि त्यांनी तिला आत आणले. दौलोजींनी तिला सारे सांगितले. ती रडेल असे सर्वांना वाटले होते. ती रडली नाही. ऐकून झाल्यावर तिने रंगोपंतांकडे पाहिले, आणि टाक्याच्या वाटेवर उजळलेला तो चेहरा त्यांच्यादेखत विझून गेला. पुढे आयुष्यभर त्यांना दुसऱ्या कशाने एवढे भाजले नाही.

"सक्काळी तरी बोलायचं व्हतं," ती म्हणाली. "मी म्होरंच हुबी व्हते."



"काय हवे ते मागा, बाई," राजे म्हणाले.

"माज्या धन्याला फितूर म्हणून बावीस गावांत दवंडी पिटली व्हती, सरकार. हलगी वाजवून. माझी सासू दवंडी ऐकून आठ दिसांत गेली. आता त्याच बावीस गावांत हलगी वाजू द्या. त्यो फितूर नव्हता म्हणून सांगू द्या. पर सांगणारा दुसरा कुणी नको. ह्यांनी सोता सांगायचं. आपल्या तोंडानं, आपण काय केलं त्ये सुदीक."

त्याच दिवशी हुकूमनामा नव्याने लिहिला गेला. मोर्तब हैबतरावांनी समोर बसून करवून घेतले. आजोळच्या एका सोबत्याला चिटणिशी दिली. त्याला वळण येईना, दोन कागद वाया गेले, पण तिसऱ्याच्या शेवटच्या ओळीखाली तसूभरही जागा उरली नाही. वेठ उठली. जिवाजीपंत पुढे चौकीतच वारले. आपली निवड चुकली की नाही, हे कोडे मात्र हैबतरावांना कधीच सुटले नाही, कारण मुरलेल्या माणसाने घात केला होता आणि तो घात उघडकीला आणणाराही मुरलेलाच होता.

रंगोपंत गावोगाव फिरले. पुढे हलगीवाला, मागे डोक्याचे पागोटे उतरलेला, उन्हाने रापलेला हा म्हातारा. पहिल्या गावात त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. पाचव्या गावात लोकांनी शेण मारले. अकराव्या गावात एका म्हातारीने विचारले की इतकी वर्षे तुम्हाला झोप कशी लागत होती, आणि लागत होती, हे खरे उत्तर त्यांना द्यावे लागले. बाविसावे गाव केळशेत. तिथे सगळे गाव पाराशी जमले, पण सगुणाबाई आली नाही. तेव्हा हलगी तिच्या दारापुढे नेली. ती ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती.

"ऐका हो ऐका," रंगोपंतांनी सुरुवात केली. "तांबडगडाचे किल्लेदार सिदोजी हांडे फितूर नव्हते. ते इमानी होते, निर्दोष होते. त्यांच्या मरणाच्या पत्रावर मी, रंगो महादेव, जाणूनबुजून जागा सोडून मोर्तब केले, आणि त्याच्या बदल्यात चिटणिशी खाल्ली."

सगुणाबाईने सूप बाजूला ठेवले. "पुन्यांदा सांगा."

त्यांनी पुन्हा सांगितले.

"ह्ये माझ्यासाठी झालं. आता सासूबाईंसाठी सांगा."

तिसऱ्यांदा सांगताना आवाज चिरकला; गावातले कोणी हसले नाही. सगुणाबाई ओट्यावरून उतरली, त्यांच्या दंडाला न शिवता तिने नुसत्या हाताने त्यांना वळायला सांगितले, आणि दरीपलीकडे उन्हात उभ्या असलेल्या तांबडगडाच्या कड्याकडे बोट केले.

"आता त्यास्नी सांगा," ती म्हणाली. "जरा मोठ्यानं. लांब हाय."